सुहासला, ज्येष्ठांच्या गोळ्यांचं काम हाती घेताना

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठांच्या औषधांचा विभाग तुझ्याकडे आला आणि सुरुवात कुठून करू असं तू विचारलंस. व्हिज्युअल एड (डॉक्टरला दाखवायचं माहितीपत्रक), लाँचची तारीख हे सगळं नंतर. आधी मूत्रपिंडाकडे बघ.

ऐंशी वर्षांची, ४५ किलो वजनाची आजी घे. सिरम क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा) १.०, लॅबच्या कागदावर 'नॉर्मल'. आता कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त साफ करतं ते काढायचं गणित मांड. १४० मधून वय वजा कर, वजनाने गुण, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भाग, आणि बाई आहे म्हणून ०.८५ ने गुण. उत्तर येतं मिनिटाला ३२ मिली. तीस वर्षांच्या, ७० किलोच्या पुरुषाचं क्रिएटिनिन तेवढंच असेल, तर उत्तर १०७. आजीचे स्नायू झडलेले असतात, क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, म्हणून मूत्रपिंड थकलं तरी रिपोर्ट बोलत नाही. लघवीवाटे बाहेर पडणारं औषध मात्र अंगात साचत जातं. डोसाचा तक्ता हे गणित धरून बनव आणि व्हिज्युअल एडच्या पहिल्याच पानावर टाक. तळाच्या बारीक अक्षरांत तो कोणी वाचत नाही.

बेनोक्साप्रोफेन डोळ्यासमोर ठेव. एली लिलीचं संधिवाताचं हे औषध १९८० मध्ये ब्रिटनमध्ये 'ओप्रेन' नावाने आलं, दिवसाला ६०० मिलिग्रॅम. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, तरुणांत साधारण ३० तास, वृद्धांत १०० तासांच्या पुढे. कालचा डोस उतरायच्या आत आजचा पोटात. यकृत आणि मूत्रपिंड निकामी होऊन माणसं गेली, आणि ऑगस्ट १९८२ मध्ये औषध मागे घ्यावं लागलं. संधिवाताच्या गोळीचं गिऱ्हाईक म्हातारंच असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं रे!

पुढे १९९३ च्या आयसीएच (औषध-नियमांचा आंतरराष्ट्रीय मंच) ई७ मार्गदर्शिकेने नव्या औषधाच्या चाचण्यांत ६५ वर्षांवरचे निदान १०० रुग्ण असावेत असं सुचवलं, आणि २०१० मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांवर भर दिला. माझ्या मते १०० हा आकडा तोकडाच. त्यातही आधीच पाच-सहा गोळ्या घेणारे, तोल जाणारे, विसरणारे निवडीच्या निकषांतच गळतात. क्लिनिकलवाल्यांना विचार: पंचाहत्तरीवरचे किती होते, आणि किती जण मधेच सोडून गेले, का?

आता स्ट्रिप. मेडिकलवाला दहाची स्ट्रिप कात्रीने कापून चार गोळ्या देतो. नाव एका तुकड्यावर, एक्सपायरी दुसऱ्यावर. म्हणून नाव, ताकद आणि एक्सपायरी प्रत्येक खाचेमागे छापून घे. चकचकीत फॉइलवर बारीक अक्षर मोतीबिंदूच्या डोळ्याला दिसत नाही, तेव्हा मॅट फॉइल आणि गडद काळी शाई. ५ आणि १० मिलिग्रॅमच्या स्ट्रिपा एकाच रंगाच्या नकोत. आणि संधिवाताच्या बोटांनी फॉइल फुटतं का, हे सत्तरीच्या हातांत देऊनच बघ.

गिळता येत नाही म्हणून घरचे गोळी कुटतात, कॅप्सूल उघडून दह्यात कालवतात. रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडली तर रक्तात पोहोचणारं औषध ७५ टक्क्यांपर्यंत वाढतं, म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रणच. शिवाय ती दमटपणाला नाजूक, सोम-मंगळच्या डबीत काढून ठेवायची नाही. 'उघडू नये, कुटू नये' हे मराठीत, ठळक, खोक्यावर हवं.

मार्केटिंगचं थोडक्यात: प्रिस्क्रिप्शनच्या औषधाची थेट लोकांत जाहिरात नाही. २०२४ च्या यूसीपीएमपी या औषध-विपणनाच्या आचारसंहितेप्रमाणे नुसतं 'सेफ' लिहायचं नाही, दुष्परिणाम नाहीतच असंही म्हणायचं नाही. सॅम्पल एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षाला १२ पॅक, त्यापुढे नाही. एमआरना (डॉक्टरांकडे जाणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधींना) एक प्रश्न मात्र पाठ करून दे: 'सर, पेशंट आणखी काय काय घेतो?' झोपेची गोळी, सर्दीची क्लोरफेनिरामाइन आणि तुमची गोळी एकत्र आली की रात्री बाथरूमला उठलेला माणूस पडतो, आणि खुबा मोडतो.

नमुना स्ट्रिप छापून आली की दोन पाठव. एक कापून, एक ओल्या हाताने फोडून बघतो.

तुझा,
अविनाश