पाणथरी जागेवर नव्हती

पंचवटी, नाशिक

प्रिय मित्रा,

तुझे तीन फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही. रागावू नकोस. लेक आता बरी आहे, म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय.

दीड वर्ष तिचं पोट दुखत होतं. दुखायचं, आडवी झाली की थांबायचं. जंताचं औषध झालं, अ‍ॅसिडिटीचं झालं. एक डॉक्टर तर म्हणाले, शाळा बुडवायचं निमित्त असेल. मीही मान डोलावली, ते अजून सलतं. ऐन छाटणीच्या दिवसांत एका रात्री तिच्या पोटाला तेल चोळताना बायकोने माझा हात ओढून बेंबीखाली ठेवला. मुठीएवढी गाठ होती आणि बोटांखालून सरकत होती.

सोनोग्राफीच्या मॅडम डाव्या बरगड्यांखाली बराच वेळ शोधत राहिल्या. म्हणाल्या, "प्लीहा जागेवर नाही." ती बेंबीखाली सापडली. आई जिला पाणथरी म्हणते ना, तीच; जंतूंशी लढायला मदत करणारा अवयव. तिला धरून ठेवणारे बंध काहींना जन्मतःच नसतात किंवा सैल असतात. मग ती नुसत्या रक्तवाहिन्यांच्या देठावर लोंबते, पोटभर फिरते. वाँडरिंग स्प्लीन म्हणतात, फार क्वचित आढळतं. घडाचा देठ पिळला की मणी सुकतात, तू बागेत पाहिलंयस. सीटी स्कॅनमध्ये तसाच पीळ दिसला, भोवऱ्यासारखा. डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्त मात्र अजून वाहत होतं.

सर्जन म्हणाले, जिवंत असेल तर वाचवूच. काढावी लागली तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस अशा जंतूंचा धोका जन्मभर राहतो, साध्या तापालाही धावावं लागतं. त्यांच्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी द्यायच्या असतात, पण पिळापायी तेवढं थांबता येत नव्हतं. दुर्बिणीतून पीळ सोडवला. काळीनिळी पडलेली पाणथरी हळूहळू लालसर झाली, हे त्यांनी बाहेर येऊन सांगितलं आणि मी भिंतीला टेकून खालीच बसलो. तिला जाळीच्या पिशवीत घालून डाव्या बाजूला, वर, तिच्या मूळ जागी टाके घालून बसवलंय.

काल पुन्हा डॉपलर केलं, रक्त नीट वाहतंय. सायकल सध्या बंद, म्हणून रुसलीय. रात्री मी तिची माफी मागितली. माझा हात धरून म्हणाली, "बाबा, तेव्हा खरंच दुखत होतं."

तुझाच,
मित्र