सूचना द्यायला चालत येणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

प्रयोग संपल्यावर तुमच्याशी बोलायचं होतं, पण विंगेतल्या गर्दीत जमलं नाही. खरं तर तोंडावर बोलताना मला रडूच आलं असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. अभिनय शिकायला निघालेल्या प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटतंच असं नाही. मलाही आधी भेटलं नव्हतं.

आधी मी जिथे शिकत होते, तिथलं नाव घेत नाही. आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (मनातल्या भावांचा) हे अभिनयाचे चार प्रकार तिथे आमच्याकडून पाठ करून घेतले होते. पण तालमीत वाचिक म्हणजे एकच, मोठ्याने बोल. समोरच्या अंधारातून ओरडा यायचा, "ऐकू येत नाहीये! अजून मोठ्याने!" सगळे वळून माझ्याकडे बघायचे आणि मी घसा ताणायचे. आवाज बसला की म्हणायचे, होईल सवय. तालमीआधी आवाज तापवणं नाही, नंतर घशाला विश्रांती नाही. आवाज सततच घोगरा राहू लागला तेव्हा माझी भूमिका काढून घेतली. "हिच्यात आवाजच नाही" हे अख्ख्या गटासमोर सांगितलं गेलं. शिकायला आलेल्या मुलीला असं सांगताना त्यांना काहीच कसं वाटलं नाही, याचा राग मला अजून येतो.

मग मी तुमच्याकडे आले. तुम्ही माझे संवाद ऐकायच्या आधी विचारलंत, "हा आवाज असा कधीपासून आहे?" घोगरेपणा 3 आठवड्यांहून जास्त टिकला तर स्वरयंत्र तपासून घ्यायलाच हवं, हे मला सांगणाऱ्या पहिल्या तुम्ही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्वरतंतूंवर सूज दिसली. ओरडताना ते एकमेकांवर जोरात आपटतात आणि रोज तेच होत राहिलं तर तिथे गाठीही धरतात, हे तेव्हा कळलं. कुजबुजून बोलणं म्हणजे घशाला विश्रांती नव्हे, हेही कळलं. तुमच्या नाटकातली माझी भूमिका तुम्ही दुसऱ्या कुणाला दिली नाहीत. आवाज सुधारेपर्यंत मला विंगेत बसवलंत आणि सगळ्यांच्या हालचाली संहितेत टिपून घ्यायला लावल्यात. त्या काळात मी गप्प राहून जेवढं नाटक शिकले, तेवढं आधी कधी शिकले नव्हते.

पण मला आभार मानायचे आहेत ते आणखी एका गोष्टीचे. तुम्हाला कदाचित ती आठवणारही नाही.

मी पुन्हा उभी राहिले त्या दिवशी तुम्ही रिकाम्या सभागृहात थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसलात. मी स्वगत सुरू केलं. मधेच तुम्ही हात वर केलात, उठलात आणि मधल्या वाटेनं चालत स्टेजपर्यंत आलात. चष्मा डोक्यावर सरकवलेला, एक हात स्टेजच्या कडेवर. माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालात, "तुझा आवाज पोचतोय. वाक्याचं शेपूट पोचत नाहीये." आणि परत मागे जाऊन बसलात. प्रत्येक सूचनेला तेच. उठायचं, चालत यायचं, हळू सांगायचं, परत जायचं. तिथूनच ओरडून सांगितलं असतं तरी कुणी काही म्हणालं नसतं. सगळे तसंच करतात.

त्या सूचनेत किती होतं! आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटीच येतो. "मी तुला सोडून जाणार नाही" यातलं "नाही" श्वास संपल्यामुळे गिळलं गेलं, की मागच्या प्रेक्षकासाठी नाटकच उलटं होतं. म्हणजे कमी पडत होता तो श्वास, आवाज नाही. मग तुम्ही मला जमिनीवर पाठ टेकून झोपवलंत, पोटावर संहिता ठेवलीत आणि ती श्वासाबरोबर वरखाली होईपर्यंत एकही संवाद म्हणू दिला नाहीत. उर (छाती), कंठ (गळा) आणि शिर (डोकं) ही नाट्यशास्त्रातली आवाजाची तीन स्थानं मला तोंडपाठ होती. छातीवर हात ठेवून खर्जातला कंप जाणवला तेव्हा त्यातलं पहिलं स्थान मला खरोखर सापडलं.

ताई, शिस्त तुमच्याकडेही कडक होती. उशीर चालायचा नाही, पाठांतर कच्चं चालायचं नाही. पण चारचौघांत कुणाचा पाणउतारा झालेला मी पाहिला नाही. कडक असणं आणि अपमान करणं यात फरक आहे, आणि कलेच्या नावाखाली तो सर्रास पुसला जातो. "आम्हीही असेच शिव्या खात शिकलो" असं अभिमानानं सांगणारे भेटतात. त्यांच्या हाताखालून किती मुलं गुपचूप निघून गेली, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ज्याला स्टेजवर उभं राहून आतलं सगळं बाहेर काढायचं आहे, त्याला आधी सुरक्षित वाटायला हवं. भ्यालेल्या मुलाचा श्वास छातीतच अडकतो. मग कसली शब्दफेक आणि कसला अभिनय? चांगुलपणा हा शिकवण्याचाच भाग आहे, हे मी तुमच्याकडे बघून शिकले.

परवाच्या प्रयोगानंतर मागच्या बाजूला बसलेल्या एक आजी मला शोधत आल्या. म्हणाल्या, "पोरी, तुझा शब्द न् शब्द कळला." हे मला सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं होतं.

आता नवीन मुलं येतील. तालमीआधी त्यांच्याकडून श्वासाचे व्यायाम करून घ्यायला, आवाज तापवून घ्यायला कुणी हवं असेल तर मला हाक मारा. मी येते.

तुमची विद्यार्थिनी