सर, तो एक शंख अजून बिननावाचाच आहे

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

हे पत्र खरं तर तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकायला हवं होतं. पण तुम्ही मला जे शिकवलंत ते गोव्यातल्या आणखी चार मुलांच्या कानावर जावं असं फार वाटतं, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

एम.एस्सी.ला असताना कच्छच्या सहलीवरून मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून शंख आणले होते. खारी नदीच्या काठचे, मायोसीन काळातले, म्हणजे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे. गोव्याच्या मुलाला त्याचं अप्रूप वाटणारच. आपल्याकडे वर चिरेखाणींतला जांभा आणि खाली बहुतेक ठिकाणी अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले खडक. ते तयार झाले तेव्हा समुद्रात गोगलगायी जन्मालाच आल्या नव्हत्या!

डब्यातले सगळे शंख टरिटेला वंशाचे, स्क्रूसारखे लांब आणि टोकदार. मी त्यांचे तीन गट पाडले होते. तिन्ही जाती नव्या, असं मनाशी पक्कं केलं होतं आणि एकीला आईचं नावही ठरवून ठेवलं होतं. तसाच डबा घेऊन फोंड्याला तुमच्याकडे आलो.

तुम्ही सोप्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलंत आणि काही न बोलता तुकडे मांडायला लागलात. टोकाकडचे बारीक तुकडे आधी, मग मधले, मग रुंद वेढ्यांचे. अर्ध्या तासात माझ्या तीन 'जातीं'चा एकच शंख झाला. वयाबरोबर वेढ्यांवरच्या कडा बदलत गेल्या होत्या. मी एकाच प्राण्याच्या बालपणाला, तारुण्याला आणि म्हातारपणाला वेगवेगळं समजत होतो. मग तुम्ही १८४० साली लंडनहून निघालेल्या, ग्रँट या अभ्यासकाच्या कच्छच्या भूशास्त्रावरच्या निबंधातलं चित्र काढून दाखवलंत. त्यातल्या शंखांना नावं देणाऱ्या सॉवर्बीचं. टरिटेला अँग्युलाटा. जिला मी आईचं नाव देणार होतो, तिचं बारसं पावणेदोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं.

मला रडू येत होतं, तुमच्या ते लक्षात आलं. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत आणि एका शंखावरचं भोक बघायला सांगितलंत. ते मोहरीच्या दाण्याएवढं, अगदी गोल आणि आत उतरत अरुंद झालेलं होतं. सुतार स्क्रूचं डोकं बसावं म्हणून लाकडाला खोलगट घेतो ना, तसंच. "नॅटिकानं पाडलंय. म्युरेक्सच्या घराण्यातल्यांचं भोक सहसा सरळ उभं असतं," एवढंच म्हणालात. दोन्ही इतरांच्या शंखाला भोक पाडून आतला प्राणी खाणाऱ्या शिकारी गोगलगायी. दोन कोटी वर्षांपूर्वी एका गोगलगायीनं दुसरीला खाल्लं, त्याची खूण माझ्या अंगठ्याखाली होती. त्या दिवसानंतर मला नव्या जातीची घाई कधी झाली नाही.

पुढचा पावसाळा संपल्यावर तुम्ही मला मोरजीला पाठवलंत. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की वाळूत जो कचरा उरतो, त्यातून आजचे टरिटेला वेचायचे, निदान शंभर. मापं घेत बसलो तेव्हा कळलं की एकाच किनाऱ्यावरच्या एकाच जातीत केवढा फरक असतो. हे कुठल्याच तासाला शिकलो नव्हतो. वाढरेषांचा बाक बघायला, तोंडातली माती गोधडीच्या सुईनं हळूहळू काढायला, नवसागर तापवून शंखावर पांढरा पातळ थर बसवायला आणि मग तिरप्या उजेडात फोटो घ्यायलाही तुम्हीच शिकवलंत. काळपट दगडावर न दिसणाऱ्या रेघा त्या थराखाली एकदम उठून येतात. मला अजून दर वेळी नवल वाटतं.

आणि डब्यातला तो शेवटचा शंख. एकटाच, कशातच न बसणारा. त्याच्या वेढ्यांवर तीन सारख्या कडा आहेत, पण टोक तुटलंय, त्यामुळे अंड्यातून निघतानाचे पहिले वेढे गेलेत. मी पुन्हा विचारलं, "हा तरी नवा असेल?" तुम्ही म्हणालात, "असेल. पण एका मोडक्या नगावर नाव ठेवू नकोस. चुकलं तर ते नाव यादीतून कधीच पुसलं जात नाही, पुढच्या प्रत्येकाला ते निस्तरावं लागतं." नवं नाव द्यायचं तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना, म्हणून ठरवावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात राहील ते लिहावं लागतं, २००० सालापासून हा नियमच आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. मग तुम्ही स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहिलीत: 'टरिटेला, जाती अनिश्चित'. खाली थराचं नाव, तारीख आणि माझं नाव.

आता मी शिकवतो. परवा मुलांसमोर तोच डबा उघडला. एक मुलगी चिठ्ठी वाचून म्हणाली, "सर, अनिश्चित असं लिहिलं तर चालतं?" चालतं, म्हटलं, आणि तुमची सगळी गोष्ट सांगितली. तिनं वहीत तुमचं नाव लिहून घेतलं.

सर, त्या वेळी मी नीट आभारही मानले नव्हते. आज मानतो, मनापासून. चतुर्थी झाली की येतो. येत्या हिवाळ्यात मुलांना घेऊन पुन्हा कच्छला जायचं ठरतंय. तीन कडांचा, टोक शाबूत असलेला शंख शोधायचाय. जाण्याआधी तुमच्या भिंगाखाली तो जुना एकदा बघून घेऊ.

तुमचा विद्यार्थी