जॉर्ज कॅसल नेमका कुणी बांधला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्य प्रदेशातल्या शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात वाघ परतल्याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. फार आनंद झाला. माझं माहेर ग्वाल्हेरचं, तिथल्या लष्कर भागातलं, आणि सासर कोरेगाव तालुक्यातलं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड याच तालुक्यात येतं. त्यामुळे शिंद्यांच्या घराण्याविषयी काही छापून आलं की मी ते दोन्ही घरांच्या वतीने वाचते.

लेखात जंगलातल्या शिकारी बंगल्याचा, म्हणजे जॉर्ज कॅसलचा, ओझरता उल्लेख आहे. सोबत नेहमीची कथाही आहे. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज १९११ साली वाघाच्या शिकारीला येणार म्हणून ग्वाल्हेरच्या जिवाजीराव शिंद्यांनी एका रात्रीच्या मुक्कामासाठी हा बंगला उभारला, पण वाघ वाटेतच मिळाला आणि राजा न थांबताच पुढे निघून गेला. आम्ही तिथे गेलो तेव्हा वाटाड्याने हीच कथा सांगितली आणि हातात पडलेल्या माहितीपत्रकातही हीच होती. मी लहानपणी मामाच्या तोंडूनही हीच ऐकली आहे.

पण तारखा जुळत नाहीत. जिवाजीरावांचा जन्म १९१६चा. काही ठिकाणी जयाजीरावांचं नाव येतं, तर ते १८८६ सालीच वारले. १९११ मध्ये गादीवर होते माधवराव, जयाजीरावांचे पुत्र आणि जिवाजीरावांचे वडील. हा घोटाळा कसा झाला असावा याचा मला एक अंदाज आहे. माधवरावांनी आपल्या मुलाचं नाव जॉर्ज जिवाजीराव ठेवलं आणि मुलीचं मेरी कमलाराजे, इंग्लंडच्या राजा-राणीवरून. बंगला जॉर्ज आणि मुलगाही जॉर्ज, तेव्हा सांगणाऱ्यांनी दोघांची सांगड घातली असणार.

राजाच्या येण्याचीही तीच गत. १२ डिसेंबर १९११ला दिल्लीचा दरबार झाला. त्यानंतर राजा शिकारीला गेला तो नेपाळच्या तराईत. तिथून कलकत्ता आणि मग नागपूरवरून मुंबई. सीताबर्डीच्या किल्ल्यावरून त्याने लोकांना दर्शन दिलं, त्याचा स्तंभ आजही तिथे आहे. या वाटेत शिवपुरी कुठे बसते? ग्वाल्हेरला तो येऊन गेला होता हे खरं, पण त्याआधी, १९०५च्या दौऱ्यात, युवराज असताना. बंगला त्याच्यासाठी बांधला असेलही. मात्र ‘वाटेत वाघ मिळाला’ ही कथा कथा म्हणूनच सांगायला हवी.

कॅसल उद्यानातल्या सर्वांत उंच टेकडीवर आहे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. खोल्या रिकाम्या, जिन्यात पाखरांची विष्ठा, आणि हात पोचेल तिथवर भिंतीवर बाण मारलेली बदामं आणि नावं कोरलेली. गच्चीवर गेलो आणि खाली सख्यासागर तलाव दिसला. काठाला दोन मगरी ओंडक्यासारख्या पडलेल्या. वाटाडा म्हणाला, “राजाला हे दिसावं म्हणून इथे बांधलं.” पण माधवरावांच्या आईचं, सख्याराजेंचं, नाव मिरवणारा हा तलाव झाला १९१८ साली. १९११मध्ये तिथे पाणीच नव्हतं.

तारखांपेक्षा मला जास्त खुपतं ते वेगळंच. न थांबलेल्या राजाची गोष्ट सगळ्यांना पाठ, आणि ज्यांनी हे जंगल आपल्या शिकारीसाठी राखलं त्या माधवरावांविषयी तिथे एक धड ओळ नाही. त्यांच्या नावावर सातशेहून अधिक वाघ सांगितले जातात. वाघाची शिकार कशी करावी, यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आफ्रिकेतून सिंह आणवून श्योपूर-शिवपुरीच्या रानात सोडले. ते सिंह गुरांवर आणि माणसांवर जाऊ लागले आणि तो प्रयोग अंगाशी आला. आज शेजारच्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आफ्रिकेचे चित्ते आहेत, त्यामुळे ही हकिकत तर आवर्जून सांगायला हवी.

याच माधवरावांनी शिवपुरीपर्यंत दोन फुटी रुळांची रेल्वे नेली, तलाव बांधले, शिवपुरीला उन्हाळी राजधानीचं रूप दिलं. १९२५ साली पॅरिसमध्ये ते वारले. शिवपुरीत त्यांची संगमरवरी छत्री, म्हणजे स्मारक, आईच्या छत्रीसमोर आहे आणि मूर्तीला रोज पोशाख व नैवेद्य होतो. माझी आई तिथे गेली की चपला काढून हात जोडायची, मीही जोडते. त्यांनी मारलेल्या वाघांचा हिशेब मांडल्याने हा आदर कमी होत नाही.

कारण तो हिशेब त्याच जंगलाचा आहे. सत्तरच्या दशकापर्यंत तिथला वाघ संपला. शिकार हे त्याचं एकमेव कारण नसेल, पण मोठं कारण होतं. २०२३ साली तीन वाघ आणून सोडले, पुढे बछडेही झाले, आणि मार्च २०२५मध्ये माधव हा देशातला ५८वा व्याघ्र प्रकल्प झाला. आता तिथे पर्यटक वाढतील आणि टेकडीवरही जातील. त्यांना तिथे एक नीट फलक दिसावा. बांधणाऱ्याचं खरं नाव, तलावाचं साल, किती वाघ मारले गेले आणि इथला वाघ कधी संपला, एवढं त्यावर पुरे. हिंदी-इंग्रजीसोबत तो मराठीतही हवा. आणि जागा उरलीच, तर हाक्याला, म्हणजे वाघ उठवायला, डबे बडवत रान तुडवणाऱ्या आसपासच्या गावकऱ्यांविषयी दोन ओळी. त्यांचं नाव तर कोणत्याच कथेत येत नाही.

लेखातला जिवाजीरावांचा उल्लेख आपण पुढच्या रविवारी दुरुस्त करावा, ही विनंती.

आपली एक वाचक,
कोरेगाव, जि. सातारा