तिथी बघून ये

मुलुंड, मुंबई

प्रिय विन्या,

तुझं पत्र मिळालं. नवी लेन्स घेतलीस हे वाचून फार आनंद झाला. शटरचा वेग किती ठेवू, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता किती ठेवू, सगळं एका दमात विचारलंयस. सांगतो. पण इकडे बगळ्यांचे फोटो काढायला येणार असशील तर आधी कालनिर्णय उघड.

तुझ्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं पाणी जागच्या जागी असतं. ठाण्याच्या खाडीत ते दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि पक्ष्यांचं पोट त्या पाण्यामागून चालतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. थोडं मागेपुढे होतं, पण यायचा दिवस ठरवायला एवढं पुरतं. अष्टमीला येऊ नकोस. भर दुपारी बाराला पाणी तळाला, पक्षी लांब चिखलात आणि ऊन डोक्यावर. शिवाय अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी, म्हणजे भांगेचं पाणी, फारसं हलत नाही. पुनवेनंतरची किंवा अवसेनंतरची प्रतिपदा-द्वितीया गाठ. उधाणाचं पाणी दुपारी भरतं आणि चार-साडेचारला जोरात उतरत असतं. भांडुपच्या मिठागरांच्या बाजूने खाडी पूर्वेला पडते, म्हणजे तेव्हा सूर्य नेमका आपल्या पाठीशी. सकाळी याच काठावरून पक्ष्यांचे नुसते काळे आकार मिळतात. सकाळचा उजेड हवा असेल तर समोरचा ऐरोलीचा काठ धरायचा.

उतरतं पाणी मला जास्त आवडतं. तिवरांमधल्या ओहोळांतून ते खाडीकडे धावतं, त्याबरोबर बोई माशाची पिल्लं आणि कोळंबी खाली येतात, आणि ओहोळाच्या तोंडाशी बगळे आधीच उभे असतात. तिथे नजर ठेवून बसायचं. पक्ष्यामागे धावायची गरजच नाही.

आलेल्या प्रत्येकाला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हवे असतात. हवेतच, इतके गुलाबी थवे दुसऱ्या कुठल्या महानगरात दिसणार? त्यांच्यामुळेच ही खाडी अभयारण्य झाली आणि 2022 साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली. पण रोहित शिकारी नव्हे. तो चोच उलटी करून पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. शिकार बघायची तर बगळा बघ, आणि एकच बगळा निवडून त्याच्याबरोबर तासभर राहा. मला तुला हेच सगळ्यात कळकळीने सांगायचंय. प्रत्येकाची रीत वेगळी आहे. ढोकरी हलतच नाही, चिखलाच्या रंगात मिसळून मान खांद्यात ओढून बसते. लहान बगळा एक पाय पुढे टाकून पिवळी बोटं चिखलात थरथरवतो आणि दडलेलं काही उसळलं की टिपतो. समुद्र बगळा उथळ पाण्यात पंख अर्धे उघडून चक्क पळतो. चित्रबलाक हा करकोचा तर डोळ्यांवर विसंबतच नाही. उघडी चोच गढूळ पाण्यात बुडवून डावीउजवीकडे फिरवत चालतो, मासा चोचीला लागला की ती मिटते. ही रीत ओळखता आली की बटण कधी दाबायचं ते आपोआप कळतं.

परवा एक मोठा बगळा बघत होतो. काठाला अगदी लागून होता. मान आधी उंच, सरळ. मग ती पुढे तिरपी झाली, डोकं जरासं एका बाजूला कललं आणि मान आक्रसून इंग्रजी एस झाली. त्याच्या मानेत सहाव्या मणक्यापाशी एक खास सांधा असतो, म्हणून ती अशी मुडपते आणि तिथूनच भाल्यासारखी सुटते. पाण्यातला मासा आपल्याला असतो त्याहून वर दिसतो. अगदी वरून पाहिलं तरी खोली पाऊणपटच भासते, म्हणजे वीत-दीड वीत पाण्यातसुद्धा नेम चांगलाच हुकायचा. बगळा हा फरक धरून वार करतो. कसा करत असेल, या विचाराने मी दर वेळी थक्क होतो. त्या दिवशी चोचीत बोई आली, आडवी. त्याने ती दोनदा हवेत झेलत फिरवली आणि डोकं घशाकडे आल्यावरच गिळली, म्हणजे परांचे काटे अडकत नाहीत. मानेतून तो फुगवटा हळूहळू खाली सरकताना दिसला. लोक वाराचा फोटो काढून कॅमेरा खाली ठेवतात. तू ठेवू नकोस. खरी चित्रं त्या फिरवण्यात आहेत, पाण्याचे थेंब आणि माशाचा डोळासुद्धा दिसतो.

आता तुझे प्रश्न. शटर 1/2000 सेकंदापेक्षा हळू ठेवू नकोस, 1/3200 मिळालं तर उत्तम. त्यासाठी आयएसओ वाढला तर वाढू दे. फोकस सतत पाठलाग करणारा ठेव, बिंदू डोळ्यावर. मागे काळा चिखल असतो, कॅमेरा त्याला भुलून पांढरा पक्षी जाळून टाकतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेव (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे पिसांतल्या रेषा राहतील. आणि जितकं खाली बसता येईल तितकं बस. बांधावर पोटावर झोपलास तरी चालेल, पण चिखलात उतरायचं नाही. गुडघ्यापर्यंत पाय जातो, आणि पक्षी उठले तर त्यांची ती ओहोटी वाया जाते. दिवसातले मोजकेच तास त्यांच्या हाती असतात.

एक गोष्ट आणखी. फ्रेममध्ये पिशव्या येणारच, दुधाच्या, गुटख्याच्या, सगळ्या. मी त्या पुसत नाही. बगळा त्यांच्यामधूनच मासा शोधतोय, तर फोटोतही तसंच दिसायला हवं. तू पुसणार असशील तर आपण भांडू, पण मी माझं म्हणणं सोडणार नाही.

पुढच्या पुनवेनंतरची द्वितीया शनिवारी येतेय. शुक्रवारी रात्री कोल्हापूरहून निघालास तर सकाळी ऐरोली, दुपारी घरी जेवण आणि चारला भांडुप, असं दोन्ही जमेल. कुठे आत जायला परवानगी लागते ते मी आधीच विचारून ठेवतो. टोपी आण, मळखाऊ रंगाचे कपडे आण. वहिनींना आणि छोटीला घेऊन आलास तर आईला फार बरं वाटेल. तिकीट काढलंस की कळव.

तुझा,
अन्या