ऋतूची बातमी आधी द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या शनिवारच्या पुरवणीत भटकंतीचं पान येतं. यंदाही आलं. धबधबे, घाट, रिसॉर्ट, सगळं त्यात होतं. मग सोमवारच्या अंकात त्याच घाटांतल्या वाहतूक कोंडीचे फोटो आले. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती बातमी वाचल्यावर घशाखाली घास उतरला नव्हता. दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात आणि गर्दी तरीही तिथेच लोटते. लोकांना अक्कल नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आठवडाभर राबलेल्या माणसाला रविवारी घराबाहेर पडावंसं वाटणारच. जवळचं, स्वस्तातलं आणि त्या त्या ऋतूतलं काय आहे, हे त्याला वेळेवर कुणी सांगत नाही. तक्रार आहे ती एवढीच.

मी कल्याणला राहते, नोकरी मुंबईत. पाच दिवस लोकलमध्ये जातात. शनिवारी सकाळी मात्र पिशवी घेऊन स्टेशनाजवळच्या बाजारात जाते, कारण मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बाया तेव्हा रानभाज्यांचे वाटे मांडून बसलेल्या असतात. पहिल्या पावसाला शेवळं येतात. त्यांच्याजवळच काकडाची आंबट हिरवी फळं असतात. ती घातल्याशिवाय शेवळं शिजवायची नाहीत, घसा खाजतो. बाजारात नवीन आलेल्या मुलींना हे ठाऊक नसतं, पण विकणाऱ्या मावशी न विचारता सांगतात. शेवळं थोडेच दिवस दिसतात. मग टाकळा, फोडशी, कुरडू, भारंगी आणि श्रावणाच्या सुमाराला कर्टुली.

गेल्या शनिवारी फोडशीच्या जुड्या आल्या होत्या. गवतासारखी लांब पाती, खाली पांढरा देठ आणि देठाच्या पापुद्र्यांत रुतून बसलेली माती. कितीही धुतली तरी भांड्याच्या तळाशी थोडी माती उरतेच, म्हणून देठ उकलून एकेक पात वाहत्या पाण्याखाली धरावी लागते. मधला कडक दांडा ओढून काढायचा, भाजी बारीक चिरायची. कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, बस. गरम मसाल्याचं इथे काही काम नाही. सोबत तांदळाची भाकरी. निवडण्यात माझी अख्खी सकाळ गेली आणि ती सकाळ मला फार आवडली. या बायांशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्यांचा मात्र मनापासून राग येतो. पावसात रान तुडवून आणलेली भाजी आहे ती.

कृषी विभाग ऑगस्टमध्ये, ९ तारखेच्या आदिवासी दिनाच्या सुमारास, ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. भाजी ओळखायची कशी, शिजवायची कशी, हे तिथे करणाऱ्यांकडूनच समजतं. पण महोत्सवाची बातमी मला नेहमी तो उरकल्यावर वाचायला मिळते, पाहुण्यांच्या नावांसकट. त्या बातमीचा वाचकाला उपयोग काय?

पुस्तकांचंही तेच. महिन्याच्या सुरुवातीला मी एक पुस्तक आणते आणि महिनाभर तेच वाचते. सध्या जंगलावरचं चालू आहे, पावसात तेच बरं वाटतं. थंडीत प्रवासवर्णनं, उन्हाळ्यात कथा. परवा लोकलमध्ये शेजारच्या बाईंनी कसलं पुस्तक म्हणून विचारलं, दोन पानं वाचली आणि उतरताना वाचनालयाचा पत्ता लिहून घेतला. कल्याणातच राहतात त्या. आमचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. इतकी जुनी, नांदती घरं आपल्या रोजच्या वाटेवर आहेत आणि त्यांचा पत्ता गाडीत योगायोगाने कळावा, याचं मला वाईट वाटतं. दिवाळीत पुष्कळ वाचनालयं एकदाच ठरावीक वर्गणी घेऊन पुढे कित्येक आठवडे आळीपाळीने दिवाळी अंक वाचायला देतात. एवढ्या पैशांत सगळं घर वाचतं. पण नावनोंदणी कधी सुरू होते, ते वर्तमानपत्रात शोधूनही सापडत नाही.

शहराबाहेरच जायचं असेल तर भिलारला जावं. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झालं. गावकऱ्यांनी राहत्या घरांतल्या खोल्या पुस्तकांना दिल्या आहेत. एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात संतसाहित्य. कुठेही बसा, वाचा, वाचायचे पैसे नाहीत. मी हिवाळ्यात यष्टीने गेले होते. ज्या घराच्या ओटीवर वाचत बसले, तिथे घरातल्या सासू-सुना स्ट्रॉबेरी निवडून डब्यांत भरत होत्या. देठाचं हिरवं टोपण धरूनच फळ उचलायचं, अंगाला बोट लावायचं नाही, हे त्यांनी मला दाखवलं. दबलेली फळं बाजूच्या ताटलीत पडत होती, ती माझ्यापुढे सरकवली. संध्याकाळपर्यंत मी उठले नाही. असं गाव महाराष्ट्रात आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि माझ्या ऑफिसात निम्म्या जणांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही.

संक्रांतीच्या आगेमागे सोलापूर-नगरकडे हुरडा असतो, त्याआधी भाद्रपदात सोनकीने पिवळे झालेले माळ. त्यावर लिहीत बसले तर पत्र लांबेल.

माझी विनंती अशी : पुरवणीत दर शनिवारी एक लहानशी चौकट ठेवा. या आठवड्यात बाजारात कोणती रानभाजी आली आणि ती कशी करायची, कुठे काय फुललं आहे, कोणत्या वाचनालयात नोंदणी सुरू आहे, यष्टीने कुठे जाता येईल. धबधब्यांचं पान हवं तर राहू द्या, पण त्याच्या शेजारी ही चौकट असू द्या. यंदाच्या रानभाजी महोत्सवाची तारीख कळली की निदान चार दिवस आधी छापा, आतल्या पानावर चालेल. आणि कल्याणच्या बाजाराची खबर हवी असेल तर दर शनिवारी कळवायला मी तयार आहे.

आपली,
एक नियमित वाचक, कल्याण