खाडीवरच्या नव्या पुलांना सायकलवाट हवी

संपादक महोदय,
स. न.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचे गायमुख ते खाडीपलीकडचे, भिवंडीच्या बाजूचे पायेगाव या प्रस्तावित खाडीपुलाबद्दल वाचते तेव्हा प्रत्येक वेळी एकच प्रश्न पडतो. या पुलावर सायकलला जागा असेल का?

हे विचारण्याचे कारण सांगते. गेल्या नोव्हेंबरात ठाणे-डोंबिवलीतले आम्ही काही जण जपानमध्ये शिमानामी काइदो या मार्गावर सायकल सहलीला गेलो होतो. होन्शू बेटावरचे ओनोमिची आणि शिकोकूवरचे इमाबारी यांना जोडणारा हा साधारण ७० किलोमीटरचा रस्ता सहा बेटांवरून जातो. आमच्यात साठी ओलांडलेली मीही होते आणि आयुष्यात कधी घाट न चढलेले दोघे होते. सगळे पोहोचलो. पुढे वाटाड्या, मागे शेवटच्या माणसाला सांभाळणारी एक मुलगी, त्यामुळे धीर होताच; पण खरी किमया रस्त्याची. हा महामार्ग १९९९ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या पुलांवर सायकलींसाठी वेगळी मार्गिका आहे. पुलावर चढायला मोटारींच्या वाटेने जावे लागत नाही. संत्र्या-लिंबांच्या बागांमधून वळणे घेत निराळी वाट वर जाते आणि तिचा चढ जेमतेम तीन टक्के. गुडघेदुखीवालीही न उतरता चढते, हे मी स्वतःच्या गुडघ्यांवरून सांगते! रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली असते. ती धरून चालले की चुकायला होत नाही.

वाटेतल्या इन्नोशिमा बेटाच्या पुलावर मोटारी आपल्या डोक्यावरून धावतात आणि आपण खालच्या मजल्यावरून जातो. तातारा पुलाचा मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधले अंतर, ८९० मीटरचा. शेवटचा कुरुशिमा म्हणजे एकापुढे एक असे तीन झुलते पूल, सुमारे चार किलोमीटर. खाली सामुद्रधुनीत पाणी भोवरे घेत असते. मी तिथे बराच वेळ कठड्याला धरून उभी राहिले. मागून कोणी हॉर्न वाजवला नाही.

इमाबारी परिसरात शिकोकूच्या ८८ बौद्ध मंदिरांच्या यात्रेतली सहा मंदिरे आहेत, ५४ ते ५९ क्रमांकांची. कोबो दाइशी या आचार्यांच्या नावाने चालणारी ही सुमारे १२०० किलोमीटरची परिक्रमा. पांढऱ्या अंगरख्यातले यात्रेकरू काठी टेकत चाललेले दिसतात आणि वारीत गावे वारकऱ्यांना जेवू घालतात तसेच तिथले लोक त्यांना काहीबाही हातावर ठेवतात. एका आजींनी आम्हालाही संत्री दिली. पंचावन्नाव्या, नान्कोबो नावाच्या मंदिरात आम्ही सायकली भिंतीला लावल्या, हात धुतले, बुद्धं सरणं म्हटले. आमच्यातल्या एका ताईंचा कंठ दाटून आला होता.

आपल्याकडे काय कमी आहे? भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उत्खनन केलेला सोपाऱ्याचा (आजच्या नालासोपाऱ्याचा) स्तूप आहे, भिवंडीजवळ लोनाडची लेणी आहेत, बोरिवलीच्या जंगलात कान्हेरी आहे, घारापुरीलाही स्तूपाची टेकडी आहे. पण सोपाऱ्याला सायकलने जायचे तर घोडबंदर रस्त्यावर कंटेनरच्या चाकांशेजारून जावे लागते. वाशीच्या पुलावरही तीच गत. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या, जवळपास २२ किलोमीटरच्या अटल सेतूवर तर सायकलला मज्जावच आहे. वेगवान वाहनांत सायकल नको, हे मलाही पटते. म्हणूनच वेगळी मार्गिका मागते आहे.

पूल उभा राहिल्यावर ती जोडता येत नाही, आली तरी खर्च कितीतरी वाढतो. आणि ती फक्त हौशी लोकांसाठी नाही. पलीकडच्या गावांतून ठाण्यात कामाला येणारा मजूर, कॉलेजची मुले यांनाही ती हवी आहे. तेव्हा गायमुख-पायेगावसह खाडीवरच्या प्रत्येक नव्या पुलाचा आराखडा लोकांपुढे ठेवताना सायकल मार्गिकेची रुंदी किती, चढाव किती, दोन्ही टोकांना ती कुठल्या रस्त्याला मिळते, हे त्यात छापावे. निविदा निघण्याआधी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
पाचपाखाडी, ठाणे